अकरा डॉलर

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी पाहिलं लिलावात घेऊन,
कोर्टाच्या पायऱ्यांवर, मार्चमधल्या एका मंगळवारी.
बोली लावायला माझ्याखेरीज दोघंच,
त्यातला एक नुसता वाऱ्याला आडोसा शोधत आलेला.
एकोणीस हजार दोनशे.
इंडियानापोलिसात एवढ्यात गाडी येते,
तीही कुणीतरी वापरलेली.

पैसे ऑर्विलच्या विम्याचे.
तो असता तर म्हणाला असता,
व्हर्ना, आधी छपराकडे बघ.
मी छपराकडे बघितलं नाही.
स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं:
धान्याचं उंच कोठार, रेल्वेचे गंजलेले रूळ,
आणि त्यामागे काही म्हणजे काही नाही.
एकतीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात
कचऱ्याच्या पेटीकडे तोंड करून भांडी घासली मी.
मला ते काही नसणं फार आवडलं.

छप्पर गळलं. अर्थातच गळलं.

राहायला मी गेले नाहीच तिथे.
मी अजून बंद पडलेल्या औषधांच्या दुकानावर,
दोन खोल्यांत, भाड्याने.
एक तारखेला देते, पाच तारखेला घेते.
मधले चार दिवस
मी नक्की कोण असते, कुणास ठाऊक.

भाडेकरू टॅमरा क्विंट,
वृद्धाश्रमात रात्रपाळी, एक मुलगा, एक म्हातारा कुत्रा
(कुत्र्याचं करारात नव्हतं).
या गावात पस्तिशीच्या आतल्या प्रत्येकाला
मी वाटाणे वाढलेत
आणि प्रत्येकाने ते टाकलेत.
कुणी किती टाकले, नावानिशी सांगेन.
टॅमराचं आठवत नाही.
म्हणजे तिने संपवले असणार.
दुसरी चौकशी मी केली नाही.

वही ठेवते मी, निळ्या पुठ्ठ्याची.
कर, विमा, छप्पर, पुन्हा छप्पर,
खारीने कुरतडलेली वायर.
पहिल्या वर्षाचा नफा दोनशे बारा डॉलर.
ऑर्विलचा फोटो पालथा घालून
मी बेरीज पुन्हा केली.
दोनशे बाराच.

जानेवारीत पाच तारीख गेली, दहा गेली.
चौदाला मी निघाले.
गाडीत शब्द घोकत होते:
हे बघ टॅमरा,
इथवर आवाज छान कडक लागायचा,
पुढे नुसती हीटरची घरघर.

माझं घर, आणि दार मीच ठोठावते आहे.
ती डोळे चोळत आली, पाळीचा गणवेश तसाच अंगात.
तळघरात चला, म्हणाली,
आणि तिसऱ्या पायरीवर पाय देऊ नका.
मालकीण मी. पायरी तिला माहीत.

उणे बावीसच्या रात्री पाइप फुटला होता.
तिचा भाऊ वेंडेल टॉर्च तोंडात धरून
पहाटेपर्यंत पाण्यात उभा होता.
तुम्हाला फोन केला, लागला नाही.
माझा फोन नवाला बंद होतो,
फ्रिजवर, पावाच्या पिशवीशेजारी.
बिस्किटांच्या डब्यातून तिने पावत्या काढल्या,
एकेक सरळ करून टेबलावर मांडल्या, पत्त्यांसारख्या.
पंप, कोपर, तांब्याची नळी, वेंडेलचे साठ.
चारशे एकसष्ट.
भाडं चारशे पन्नास.

ती काही म्हणाली नाही.
खिडकीबाहेर कोठारावर बर्फ,
आणि त्यामागे तेच, माझं आवडतं.

पर्स उलटी केली.
दहाची एक नोट, खोकल्याच्या गोळ्या,
शाळेच्या कोठीघराची किल्ली, जी मी परत करायला हवी होती.
एक राहिला, मी म्हटलं.
राहू द्या, असं म्हणायची एक पद्धत असते.
तिने कागद घेतला, लिहिलं, व्हर्ना – १,
आणि फ्रिजवर लावला, मुलाच्या दातांच्या डॉक्टरच्या तारखेखाली.

फेब्रुवारीचं भाडं आलं एक तारखेलाच,
पाकिटात, नीट घडी घालून.
चारशे एकोणपन्नास.